एका जुन्या शेगडीची कुळकथा

वैशाखाच्या उन्हात शेगडीविषयी बोलावे हा औचित्यभंग आहे, हे आम्हांस मान्य आहे. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "जुनी शेगडी" असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि त्यांनी मोठ्या आशेने विचारले, "म्हणजे निजामशाहीतली का?" त्यांचा यात दोष नाही. आमच्या नगरास (२०२४ पासून अहिल्यानगर) इतिहास म्हटला म्हणजे १४९० साली अहमद निजामशहाने वसविलेले शहर, चांदबिबीने लढविलेला किल्ला आणि १९४२ चे त्या किल्ल्यातील राजबंदी एवढेच आठवते. घरात रोज पेटणाऱ्या वस्तूला इतिहास असतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्याही आले नसते, पण एका भंगारवाल्याने आम्हांस फसविण्याचा प्रयत्न केला आणि त्यातून हा सारा उद्योग निघाला.

भिंगारच्या बाजूस लष्करी छावणीला लागून जुन्या लोखंडाची काही दुकाने आहेत. त्यांपैकी एकात मोडक्या कुकरांच्या आणि पंख्यांच्या ढिगाखाली ही शेगडी दिसली. बिडाची, गोल, पोट ढोलकासारखे फुगीर. तीन पायांपैकी एक मोडलेला. वरच्या काठावर भांडे टेकण्यासाठी तीन उंचवटे, खाली राख काढण्याचे तोंड आणि त्याला एकेकाळी असलेल्या झाकणाची नुसती बिजागरी. काठापासून निम्म्या पोटापर्यंत चीर गेलेली, आणि ती चीर पुढे जाऊ नये म्हणून कोणी तरी लोखंडी पट्टी पोटाभोवती आवळून रिव्हेट मारलेले. वजन साडेचौदा किलो भरले. भंगाराचा भाव किलोवर असतो खरा. पण गिऱ्हाइकाने वस्तू दोनदा उलटीपालटी करून पाहिली की ती भंगार राहत नाही, ‘अँटिक’ होते. दुकानदाराने आमच्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हटले, "साहेब, ही किल्ल्यातली आहे. पंडितजींचा चहा हिच्यावर व्हायचा. साडेतीन हजारांच्या खाली देणार नाही."

आम्ही अठराशे रुपये देऊन ती घेतली. पंडितजींचे नाव काढून घेतल्यावर जी किंमत उरली, ती ही होती.

परंतु घरी आल्यावर मनात किडा वळवळू लागला. खरेच असेल तर? इतिहासाच्या अभ्यासकाला हा मोह फार वाईट. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांस पकडण्यात आले आणि खास गाडीने हलविण्यात आले. गांधीजींस चिंचवडला उतरवून घेतले आणि कार्यकारिणीच्या सभासदांस नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. नेहरू, पटेल, आझाद, आचार्य नरेंद्र देव असे थोर लोक तेथे १९४५ पर्यंत होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तेथेच १९४४ साली लिहिले, हे शाळेतली मुलेही सांगतात. पण चहाचीच गोष्ट काढायची, तर नाव घ्यावयास हवे ते मौलाना आझादांचे. त्यांनी किल्ल्यात लिहिलेल्या पत्रांचा उर्दू संग्रह ‘गुबार-ए-खातिर’ १९४६ साली प्रसिद्ध झाला. पहाटे तीन-चारला उठून आपण स्वतः चहा करतो, तो चिनी चहा, दुधाचा त्यात थेंब नाही, हे त्यांनी फार रसाळपणे वर्णिले आहे. जीवनातील सुख म्हणजे काय, तर कडाक्याची थंडी, रात्रीची वेळ आणि पेटलेल्या शेकोटीच्या चुलाणाजवळ आपण वाचीत वा लिहीत बसलेले, अशी कल्पनाही त्यांनी त्याच पत्रांत रंगविली आहे. अग्नीचा एवढा रसिक आमच्या किल्ल्यात अडीच-तीन वर्षे राहून गेला, ही गोष्ट नगरात फारशी कोणास ठाऊक नाही. ती ठाऊक नसल्यामुळेच दुकानदाराने चहा चुकीच्या माणसाच्या हाती दिला. असो. त्या चहाचा आणि आमच्या शेगडीचा संबंध जोडणारा कागदाचा कपटाही नाही. तेव्हा वस्तूलाच विचारावे, हे बरे.

वस्तू बोलते, पण तिला घासावी लागते. तारेच्या ब्रशाने गंज काढता काढता पोटाच्या आतल्या बाजूस काळसर, काचेसारखे चकाकणारे गोळे चिकटलेले दिसले. वीटभट्टीत जळून गेलेल्या विटेचे खंगर असतात तसे. लाकडी कोळसा जळला की पांढरी, हलकी राख उरते. तिचे असे खंगर होत नाहीत. ते होतात दगडी कोळशाच्या राखेचे, कारण तीत माती-दगडाचा अंश भरपूर असतो व तो प्रखर आचेने वितळतो. शेगडीचे खोल पोट आणि राखेचे मोठे तोंडही तेच सांगत होते. लाकडी कोळशाला उथळ भांडे पुरते. दगडी कोळशाचा थर जाड लागतो आणि त्याला खालून वाऱ्याची ओढ जबर हवी असते. म्हणजे ही शेगडी ओतली गेली ती दगडी कोळशासाठी, यात आम्हांस शंका राहिली नाही.

आता नगर जिल्ह्यात दगडी कोळशाची एकही खाण नाही. आमचा सारा प्रदेश काळ्या कातळाचा. त्याच्या पोटात कोळसा सापडावयाचा नाही. मग तो आला कोठून? उत्तर एकच, आगगाडीने. धोंड-मनमाड हा सुमारे १४५ मैलांचा फाटा १८७८ साली सुरू झाला. जी. आय. पी. रेल्वेची मुंबईहून एक वाट आग्नेयेस पुण्या-सोलापूरकडे आणि दुसरी ईशान्येस भुसावळकडे गेली होती, त्या दोहोंना जोडणारी ही दोरी. १८७६ ते ७८ च्या भयंकर दुष्काळातच ती बांधली जात होती. श्रीगोंदे, नगर, राहुरी, पुणतांबे, कोपरगाव, येवले या वाटेने इंजिने धावू लागली. इंजिनांना कोळसा हवा, म्हणून तो विलायतेहून मुंबई बंदरात येई, बंगालच्या खाणींतून येई आणि चांदा जिल्ह्यातील वरोऱ्याच्या सरकारी खाणीतूनही येई. ती खाण १९०६ साली बंद पडली. इंजिनासाठी आलेला कोळसा इंजिनातच राहिला असता तर आमची शेगडी जन्मासच आली नसती. पण जेथे इंजिन राख टाकते तेथे अर्धवट जळलेले कोळसे पडतात, आणि जेथे कोळसे पडतात तेथे ते वेचणारी माणसे येतात.

शेगडी ही वस्तू नवी नव्हे. अमरकोशात अंगारधानिका, अंगारशकटी, हसंती आणि हसनी अशी तिची चार नावे दिली आहेत. निखारे फुलले की ती हसते, म्हणून हसंती! आपला ‘शेगडी’ हा शब्द त्यांतील शकटीपासून आला असे भाषाज्ञ मानतात. पण ती प्राचीन शेगडी चुलीतले निखारे काढून ठेवण्याची, शेकण्याची. स्वयंपाकाचे राज्य चुलीचेच होते. खाली जाळी, जाळीखाली वारा आणि वर भाताचे पातेले, अशी स्वयंपाकाची लोखंडी शेगडी शहरातील घरोघर गेली ती कोळसा, बीड आणि पत्रा हे तिन्ही रेल्वेने स्वस्त केल्यावर. खेड्यात ती फारशी पोचलीच नाही. तेथे बाभळीचे सरपण, तुराट्या आणि गोवऱ्या यांवर चूलच चालली. आमच्या वडिलांच्या पिढीस वडिलोपार्जित वाटणारी ही शेगडी म्हणजे फार तर एका शतकाची पाहुणी.

जाळीकडे वळलो तेव्हा आणखी एक प्रकरण उघडले. बिडाच्या मूळ जाळीच्या कांबी मधोमध जळून खचल्या होत्या, आणि तिच्यावर कोणी घमेल्याचा तळ गोल कापून, खिळ्याने भोके पाडून, बसविला होता. ती भोके बारीक आहेत. दगडी कोळशाला ती पुरावयाची नाहीत, राखेने तुंबतील. लाकडी कोळशाला मात्र चालतात. म्हणजे या शेगडीचे दोन जन्म झाले. पहिला दगडी कोळशाचा, दुसरा लाकडी कोळशाचा. दुसरा केव्हा सुरू झाला ते पत्र्याच्या तुकड्यावरून सांगता येत नाही. कयास मात्र करता येतो. स्वीडनमधील लिंडक्विस्टने १८९२ साली पंपाचा रॉकेल-स्टोव्ह काढला आणि पुढे तो प्रायमस या नावाने आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरांत शिरला. तो इतका शिरला की मराठीत ‘स्टोव्ह’ म्हणजे रॉकेलचाच, असा अर्थ ठरून गेला. प्रायमसने शेगडी माळ्यावर टाकली. पण १९४२ च्या वसंतात ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तेथील तेलाच्या विहिरी माघार घेणाऱ्या इंग्रजांनीच उद्ध्वस्त केल्या आणि रॉकेलचा दुष्काळ पडला. माळ्यावरच्या शेगड्या तेव्हा घरोघर खाली आल्या. दगडी कोळसाही युद्धाकडे वळलेला, त्यामुळे मिळेल तो लाकडी कोळसा घालून त्या पेटविल्या गेल्या. आमच्या शेगडीला घमेल्याचा तळ त्याच वेळी लागला असेल तर नवल नाही. किल्ल्यात राजबंदी आले तेही त्याच वर्षी. त्यांची गाडी पुण्यापर्यंत विजेच्या इंजिनाने आली असेल, कारण तो मार्ग १९२९ सालीच विजेवर गेला होता. धोंडहून नगरपर्यंत मात्र तिला कोळशानेच ओढले. किल्ल्याचा आणि आमच्या शेगडीचा खराखुरा संबंध आहे तो एवढाच, आणि आमच्या मते तो पुरेसा आहे.

आता दुरुस्ती. आमचा पहिला बेत सारे काही नवे करण्याचा होता. औद्योगिक वसाहतीतील एका वेल्डिंगवाल्याकडे शेगडी नेली. त्याने चिरेवरून नख फिरवले आणि सांगितले, "थंड बिडावर काडी लावली की जोड बसतो, पण शेजारी दुसरी चीर जाते. सगळे पोट तापवून, पितळी काडीने जोडून, राखेत पुरून दोन दिवस निववावे लागेल. आणि पितळ आगीजवळ किती टिकेल ते मी सांगणार नाही. ज्याने ही पट्टी मारली, तो शहाणा होता." मग त्याने पितळी जोडाने फक्त मोडका पाय जोडला, कारण पाय आगीपासून लांब, पट्टीला हातही लावला नाही. ज्या अनाम लोहाराची ही पट्टी, त्याच्या कामाला इतक्या वर्षांनी मिळालेली ही पावती आम्हांस मोलाची वाटली.

जाळीसाठी ओतारी गाठावा लागला. जुन्या जाळीवरून तसाच साचा घेतला तर नवी जाळी लहान येते, कारण बीड निवताना आकसते. फुटास सुमारे अष्टमांश इंच. तेवढे मोठे लाकडी फर्मे करून घ्यावे लागले. आमच्या शेगडीसारख्या शेगड्या आज दिसत का नाहीत, याचे उत्तरही त्या भट्टीपाशी मिळाले. बीड मोडले की वितळवून पुन्हा ओततात. पहिल्या महायुद्धात बिडाची टंचाई पडली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांस जुन्या तोफा दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, असे सांगतात. तोफेची जेथे ही गत, तेथे शेगडीला कोण विचारतो? उपयोगी वस्तू इतिहासात उरत नाहीत. त्या दुसऱ्या उपयोगी वस्तूंत जाऊन बसतात.

राहिले होते आतले लिंपण. ते कसे करावे हे ना वेल्डिंगवाल्याला ठाऊक होते ना ओताऱ्याला. आमच्या थोरल्या काकू नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांचे बालपण स्टेशनाजवळच्या एका चाळीत गेले. शेगडी अंगणात ठेवलेली पाहून त्या दारातच उभ्या राहिल्या. "ही कशाला आणलीस रे परत?" आम्ही पुरातत्त्व, सामाजिक इतिहास वगैरे सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "काळी झालेली भांडी कोण घासणार ते आधी ठरव. मग इतिहास सांग."

लिंपण त्यांनीच करवून घेतले. चिकणमाती, विटेचा चाळलेला चुरा आणि घोड्याची लीद. पूर्वी स्टेशनाबाहेर टांगे उभे असत, तेव्हा लिदीला तोटा नव्हता. आम्हांस ती वरातीच्या घोडीवाल्याकडून मागून आणावी लागली, आणि त्याने ती कशासाठी हे विचारून चांगली करमणूक करून घेतली. दोन बोटे जाड लेप, सावलीत चार दिवस वाळवण, चिरा पडतील तेथे पुन्हा बोट फिरवणे, आणि पहिला जाळ गोवरीच्या तुकड्याचा, अगदी मंद. हे करताना काकू बोलत होत्या. पहाटे डबे घेऊन इंजिनाच्या राखेतले कोळसे वेचावयास त्या भावंडांबरोबर जात. दगडी कोळसा पेटताना फार धुरतो, म्हणून शेगडी बाहेर पेटवून, धूर बसला आणि निखारे लाल झाले की मग दोघींनी कान धरून घरात न्यावयाची. कोळशाची भुकटी वाया घालवायची नाही. शेणामातीत तिचे गोळे करायचे. रात्री उरलेले निखारे झाकणाच्या डब्यात कोंडून विझवायचे, म्हणजे सकाळी तेच पुन्हा उपयोगी पडत. एवढा हिशेब कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात आम्ही वाचलेला नाही.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आमच्या घरात आजवर कोणी उच्चारली नव्हती. त्यांची धाकटी मावशी पौषात बाळंत झाली. खोली गार पडू नये म्हणून दारे-खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या, ओव्याची धुरी दिली आणि फुललेली शेगडी रात्रभर बाजेखाली ठेवली. सकाळी मायलेकरे दोघेही उठली नाहीत. घरात म्हणत, बाहेरचे वारे लागले. काकू म्हणाल्या, "वारे लागले असते तर जगली असती." विज्ञान दुसरे काही सांगत नाही. कोंडलेल्या खोलीत कोळसा अपुऱ्या हवेवर जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. धूर नसलेली शेगडी निर्धोक वाटते, आणि तिचा धोका नेमका तेथेच आहे. अशा किती मृत्यूंची नोंद ‘वारे’, ‘दृष्ट’, ‘बाळंतरोग’ या नावांखाली गेली असेल, याची मोजदाद आता होणे नाही. शेगडीच्या इतिहासात हे पान नसेल तर तो इतिहास नव्हे, ती जाहिरात होय.

शेगडी पेटवायची तर कोळसा हवा. दगडी कोळसा आम्हांला नकोच होता. लाकडी कोळसा आता मिळतो तो कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे, सोनाराकडे किंवा कणसे भाजणाऱ्याकडे. इस्त्रीवाल्याने आपल्या पोत्यातून पाच किलो दिला. हा कोळसा बहुतेक वेड्या बाभळीचा. पूर्वी हा धंदा चुना भाजणाऱ्या लोणाऱ्यांचा होता. आज आपल्या राज्यातील पुष्कळ भट्ट्यांवर राबतात ती कातकरी कुटुंबे. पावसाळा सरला की उचल घेऊन ती कोकणातून घाटावर, कर्नाटकापर्यंत जातात. लाकूड तोडायचे, रचायचे, माती लिंपून भट्टी कोंडायची, धुरात दिवस-रात्र राखण करायची. चार-पाच मण लाकडातून मणभर कोळसा निघतो. उचल फिटेपर्यंत कुटुंब तेथून हलू शकत नाही. वेठबिगारी कायद्याने १९७६ सालीच बंद झाली असली तरी. कायद्याचे या कोळशाकडे लक्ष नाही असे मात्र नव्हे. १९२७ च्या वन कायद्यात लाकडी कोळसा हा जंगलातून आणलेला असो वा नसो, वनोपजच मानलेला आहे. मूळचा वन कायदा १८७८ चा, म्हणजे ज्या वर्षी आमचा रेल्वेफाटा सुरू झाला त्याच वर्षीचा. एका हाताने रानातले सरपण कुलपात गेले आणि दुसऱ्या हाताने खाणीतला कोळसा दारात आला. ही योजना कोणी आखली असे आम्ही म्हणत नाही. पण शहरातल्या चुलीची शेगडी कशी झाली, हे समजावयास या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. कोळशाच्या पोत्याला परवाना लागतो. तो जाळणाऱ्या माणसाची चौकशी मात्र क्वचितच होते.

शेगडीचे राज्य गॅसने संपविले. १९५५ साली मुंबईत बर्मा-शेलने घरगुती गॅस सुरू केला. नगरसारख्या गावांत तो सर्रास व्हावयास पुढे बरीच वर्षे गेली, आणि गोवऱ्यांच्या चुलीपर्यंत जाण्याचा सरकारी प्रयत्न २०१६ च्या उज्ज्वला योजनेने झाला. गंमत अशी, की बायकांनी नव्या यंत्राला नाव दिले ते जुनेच. आजही आपण ‘गॅसची शेगडी’ म्हणतो.

आमचे काम झाल्याची बातमी फुटली तेव्हा एका संस्थेचे पदाधिकारी आले. ऑगस्टमध्ये त्यांचे प्रदर्शन होते आणि किल्ल्यातील राजबंद्यांच्या दालनात त्यांना शेगडी हवी होती. ती किल्ल्यातली नाही, हे आम्ही सांगितले. ते म्हणाले, "नसेना का! त्या काळातली तर आहे. लोकांना पाहायला येण्यास काही कारण लागते." माणूस सज्जन होता, हेतूही चांगला होता. तरी आम्ही नकार दिला. पुढाऱ्यांच्या तुरुंगवासाला आमच्या शेगडीचा आधार नको आहे; त्याची नोंद जागोजाग आहे. शेगडीला मात्र खोटी चिठ्ठी एकदा चिकटली, की पहाटे डबा घेऊन कोळसे वेचणारी मुलगी, पट्टी मारणारा लोहार आणि बाजेखालची ती रात्र यांना जागाच उरत नाही. तिघांचीही दुसरीकडे कोठे नोंद नाही. आम्ही त्यांना वेगळी चिठ्ठी लिहून दिली: ‘बिडाची शेगडी. प्रथम दगडी, नंतर लाकडी कोळशासाठी. एकदा दुरुस्त, पुन्हा दुरुस्त. मूळ मालक अज्ञात.’ ही चिठ्ठी लावणार असाल तर शेगडी न्या, असे सांगितले. ते विचार करून कळवितो म्हणाले. अजून कळविलेले नाही.

पेटवायची ती आम्ही एकदाच पेटविली. काकूंनी तिच्यावर चहा केला, दुधाचा, आणि उकळताना दोनदा उतू जाऊ दिला. सवय गेली, म्हणाल्या. भांडे आम्ही घासले. तूर्त शेगडी ओसरीवर आहे, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला. घरात आणायची नाही, अशी काकूंची अट आहे.